मोजणी कोण करतो, अहवाल कोण लिहितो

लंडनची इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर एन्व्हायर्नमेंट अँड डेव्हलपमेंट, कोलंबोची इंटरनॅशनल वॉटर मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, व्हिएन्नाजवळ लाक्सेनबुर्ग इथे १९७२ साली सुरू झालेली आयआयएएसए ही नावे आपल्याला बहुधा वर्तमानपत्रातल्या एखाद्या बातमीच्या शेवटी भेटतात. अमुक संस्थेच्या अहवालानुसार पाणीटंचाई वाढणार, तमुक संस्थेच्या मते शहरांनी सांडपाण्याचा पुनर्वापर करावा, अशी ती बातमी असते. त्यामुळे या संस्थांमधले कामकाज म्हणजे परिषदा, संगणकावरची प्रारूपे, मंत्र्यांसाठी लिहिलेली चार पानी टिपणे, असे चित्र मनात तयार होते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. टिपणातल्या प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी कुठेतरी भांड्यात पाणी धरलेले असते, शेताच्या बांधावर उभे राहून प्रश्न विचारलेले असतात, एखाद्या आईकडून तिच्या मुलाच्या आजाराची हकिकत ऐकून घेतलेली असते. पर्यावरण धोरणाच्या संशोधनाचा निर्णायक भाग याच टप्प्यावर घडतो आणि नेमक्या याच टप्प्यावरच्या माणसांना त्या संशोधनात सर्वांत कमी स्थान मिळते, असे माझे म्हणणे आहे. त्याचा पुरावा शोधायला लंडनला जायला नको. गेल्या तीस वर्षांत हुबळी-धारवाडमध्ये जी आंतरराष्ट्रीय संशोधने झाली, ती नीट वाचली तरी पुरे.

सुमारे वीस किलोमीटर अंतरावरची ही दोन शहरे १९६२ साली एका महानगरपालिकेखाली आली. २०११च्या जनगणनेत त्यांची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. धारवाड सह्याद्रीच्या उताराला टेकलेले, हुबळी पूर्वेच्या काळ्या जमिनीच्या तोंडाशी. बारमाही नदी दोघांनाही नाही. पिण्याचे पाणी नीरसागर तलावातून आणि सौंदत्तीजवळच्या मलप्रभा धरणातून आणावे लागते आणि वापरून झालेले पाणी शहराबाहेरच्या नाल्यांना मिळते. शहर वाढते, शेती मागे सरकते आणि दोहोंच्या मधल्या पट्ट्यात गावे ना धड गाव राहतात ना धड शहर होतात. ही मधली अवस्था समजून घेण्यासाठी ब्रिटिश सरकारच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याने नव्वदच्या दशकात नैसर्गिक संसाधनांवरचा एक मोठा संशोधन कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा त्यासाठी घानातले कुमासी आणि भारतातले हुबळी-धारवाड ही शहरे निवडली गेली. ब्रिटनमधली विद्यापीठे, धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ, कर्नाटक विद्यापीठ आणि स्थानिक स्वयंसेवी संस्था त्यात एकत्र आल्या.

या कामातून निघालेला एक निबंध मला विशेष महत्त्वाचा वाटतो. अँड्र्यू ब्रॅडफर्ड, रॉबर्ट ब्रुक आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठातले सी. एस. हुनशाल यांनी २००३ साली तो लंडनच्या वर उल्लेखिलेल्या संस्थेच्या ‘एन्व्हायर्नमेंट अँड अर्बनायझेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. विषय होता हुबळी-धारवाडच्या सांडपाण्यावर होणारी शेती. त्या काळच्या अंदाजाने ही जोडशहरे रोज सुमारे सहा कोटी लिटर सांडपाणी नाल्यांत सोडत होती आणि ते जवळजवळ सगळेच प्रक्रिया न केलेले होते. नाल्याकाठचे शेतकरी पंप लावून ते उचलत. शहरालगत बाराही महिने भाजीपाला, थोडे पुढे गेले की शेतपिकांबरोबर भाजी, त्याहून पुढे चिकू, पेरू, नारळ यांच्या बागा आणि मध्ये लाकडाची झाडे, अशी पिकांची रचना नाल्याच्या काठाने बदलत जाते. यामागचा हिशोब सरळ आहे. पाऊस बेभरवशाचा, बोअर मारायचा खर्च मोठा आणि पाणी लागेल याची खात्री नाही. नाला मात्र मे महिन्यातही वाहतो आणि खताचा अंश बरोबर घेऊन येतो. उन्हाळ्यात ज्याच्या रानात भाजी आहे त्याला मंडईत चांगला भाव मिळतो.

याच पाण्याने किडी आणि तण वाढवले, म्हणून औषधांची फवारणी वाढली. दवाखान्यांतून आलेल्या सुया आणि इतर धारदार वस्तू गाळातून शेतात येऊ लागल्या. भांगलण बहुतेक बायका करतात आणि त्यांचे हातपाय तासन्‌तास त्याच चिखलात असतात. एकाच नाल्याकडे आरोग्य अधिकारी बंदी घालायची जागा म्हणून पाहतो, शेतीतज्ज्ञ उत्पन्नाचा स्रोत म्हणून आणि अभियंता प्रक्रिया केंद्राच्या आराखड्यातली एक रेघ म्हणून. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात. धोरण संशोधन करणाऱ्याला या तिघांचे ऐकून त्यांच्यापैकी कोणीही मांडलेले नाही असे उत्तर शोधावे लागते. ते शोधायचे तर कोणत्या वाफ्यात कोणत्या महिन्यात कोणते पीक असते, पंप कोणाचा, भांगलायला कोण येते, भाजी धुतली जाते ती कोणत्या पाण्यात, इतके बारीक तपशील हाताशी लागतात. ते शहरातल्या कार्यालयात बसून मिळत नाहीत.

जागतिक धोरण अशाच तपशिलांच्या दाबाने सरकले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८९च्या मार्गदर्शक तत्त्वांत कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना द्यायच्या पाण्यासाठी जंतूंची एक ठाम मर्यादा होती, शंभर मिलिलिटरमध्ये हजार विष्ठाजन्य कोलीफॉर्म. प्रक्रिया केंद्रच नसलेल्या शहरात ती पाळणे अशक्य, म्हणून ती कागदावर राही आणि शेतकऱ्याला त्यातून काहीच मिळत नसे. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या अनेक शहरांतून हुबळी-धारवाडसारखेच चित्र समोर येत गेले. नोव्हेंबर २००२ मध्ये हैदराबादला जमलेल्या संशोधकांनी जाहीरनामा काढून मान्य केले की सांडपाण्यावरची शेती हे गरिबांच्या पोटापाण्याचे वास्तव आहे आणि धोरणाने धोका कमी करण्यापासून सुरुवात करावी. २००६च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांत संघटनेने एकाच मर्यादेऐवजी शेतापासून ताटापर्यंत अनेक ठिकाणी अडथळे उभे करण्याचा मार्ग स्वीकारला. काढणीच्या काही दिवस आधी पाणी तोडणे, भाजी स्वच्छ पाण्याने धुणे, शेतात काम करणाऱ्यांच्या हातापायांचे संरक्षण, असे उपाय त्यात आले. नाल्याच्या काठावर उभे राहिल्याशिवाय कोणालाही ते सुचले नसते.

दुसरे उदाहरण पिण्याच्या पाण्याचे आहे आणि ते मला अधिक बोलके वाटते. जागतिक बँकेच्या कर्जातून कर्नाटकात हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा इथल्या निवडक भागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला. हुबळी-धारवाडची साधारण दहा टक्के वस्ती त्यात आली. बाकीच्या शहराला काही दिवसांआड काही तास पाणी मिळत राहिले. एकाच शहरात दोन व्यवस्था शेजारी शेजारी असणे ही संशोधकाच्या दृष्टीने दुर्मीळ संधी होती. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एमिली कुंपेल आणि कारा नेल्सन यांनी वर्षभर नमुने घेऊन २०१३ साली निष्कर्ष मांडले. चोवीस तास पाणी असलेल्या भागात नळाच्या केवळ ०.७ टक्के नमुन्यांत ई-कोलाय जंतू सापडले, तर आलटून पालटून पाणी येणाऱ्या भागात हे प्रमाण ३१.७ टक्के होते. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. घरात साठवलेले पाणी मात्र चोवीस तासांच्या भागातही नळाच्या पाण्याइतके स्वच्छ नव्हते. सवय आणि शंका यांमुळे लोक पाणी भरून ठेवत राहतात आणि ते भांड्यात दूषित होते.

हा नमुना कसा घेतला जातो ते पाहिले पाहिजे. पाणी बंद असताना जलवाहिनीतला दाब जातो, आजूबाजूची घाण सांध्यांतून आत शिरते. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे नळातून येते ते सर्वांत वाईट, पुढे ते सुधारत जाते. म्हणजे नमुना घेणारा अर्धा तास उशिरा पोचला तर पाणी चांगलेच दिसणार आणि अहवालातला निष्कर्ष वेगळाच निघणार. पाणी कधी सुटेल हे वेळापत्रकात लिहिलेले असते, पण प्रत्यक्षात ते वॉल्व्हमनला ठाऊक असते. कोणत्या गल्लीचा वॉल्व्ह किती फेरे उघडायचा, टाकीत पाणी कमी असेल तर कोणता भाग मागे ठेवायचा, वीज गेली तर काय, हे सगळे त्याच्या डोक्यात असते. २०१०नंतर हुबळी-धारवाडमध्ये सुरू झालेल्या ‘नेक्स्टड्रॉप’ या उपक्रमाने नेमके हेच ओळखले आणि वॉल्व्हमनकडून माहिती घेऊन लोकांच्या मोबाइलवर पाणी येण्याची सूचना पाठवायला सुरुवात केली. पहाटे बाटली आणि बर्फाचा डबा घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबणारा स्थानिक सहायक आणि त्याला वेळ सांगणारा वॉल्व्हमन यांच्याविना ०.७ आणि ३१.७ हे आकडे अस्तित्वात आलेच नसते.

याच शहरात आयशे एर्क्युमेन आणि सहकाऱ्यांनी ३,९२२ कुटुंबांची पाहणी करून आरोग्यावरचा परिणाम तपासला. हा निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चोवीस तास पाण्याने लहान मुलांच्या एकूण जुलाबांत लक्षणीय घट दिसली नाही. कमी उत्पन्नाच्या घरांत रक्त पडणारे जुलाब कमी आढळले आणि टायफॉइडची नोंद असलेली घरे ४२ टक्क्यांनी कमी निघाली. नळ सुधारला म्हणजे सगळे रोग गेले, असे म्हणायला हा अभ्यास वाव देत नाही, तसेच सगळा खर्च वाया गेला असे म्हणायलाही नाही. इतके सूक्ष्म उत्तर मिळते ते प्रश्न विचारणारा माणूस दारात विश्वासाने उभा राहू शकला तरच. कन्नड, उर्दू, मराठी बोलणाऱ्या वस्त्यांत दुपारी कामात असलेली बाई अनोळखी माणसाला मुलाच्या शौचाबद्दल मोकळेपणाने सांगेल का, हे प्रश्नावलीच्या छपाईवर अवलंबून नसते.

क्षेत्रावरच्या ज्ञानाला मान दिला की धोरणाची दिशा कशी पालटते, याचे याच भागातले सर्वांत स्पष्ट उदाहरण माधव गाडगीळांनी सत्तरच्या दशकात केलेला बांबूचा अभ्यास होय. धारवाडच्या पश्चिमेला दांडेलीचा कागद कारखाना. त्याला सरकारने बांबू १ रुपया ५० पैसे टन इतक्या नाममात्र दराने दिला होता. बांबू झपाट्याने संपत चालला, बुरडांची तक्रार सरकारपर्यंत गेली. गावकऱ्यांची तोड आणि गुरांची चराई हे कारण, असे वनखात्याचे मत होते. गावकरी सांगत होते की कारखान्याचे मजूर बेटाच्या बुडाची काटेरी जाळी साफ करतात, म्हणून नवे कोंब उघडे पडतात. गाडगीळ आणि नरेंद्र प्रसाद यांनी ते तपासले आणि गावकऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. जाळी गेल्यावर गुरे, माकडे, साळिंदरे सगळीच कोंबांपर्यंत पोचत होती. जाळी साफ करणे बांबूच्या वाढीला चांगले, असा खात्याचा समज होता. खात्याच्या फाइलींत जे उत्तर कधी सापडले नसते, ते बांबू तोडणाऱ्यांना माहीत होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळे परदेशी पैशावर आणि परदेशी पद्धतींवरच उभे राहिले. धारवाडच्या विद्यापीठाकडे हजारो घरांची वर्षभर पाहणी करण्याइतके बळ कुठून येणार, आणि कुमासीशी तुलना तरी कोण करणार? हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्यच केला पाहिजे. ब्रिटिश कार्यक्रमाच्या पुढच्या टप्प्यात तर बायफ आणि इंडिया डेव्हलपमेंट सर्व्हिससारख्या संस्थांना बरोबर घेऊन शहरालगतच्या गावांत लोकांकडूनच कृती आराखडे करून घेतले गेले. बचत गट उभे राहिले. ते काम चांगले होते. पण कार्यक्रमाची मुदत संपली, २०२०मध्ये ते ब्रिटिश खातेच परराष्ट्र खात्यात विलीन झाले. दरम्यान नाला वाहतोच आहे. तीन-चार वर्षांच्या अनुदानाच्या चक्रात काम करणारी संस्था प्रश्नाच्या आयुष्याएवढी कधीच टिकत नाही. म्हणून तिने मिळवलेले ज्ञान, तिने शिकवून तयार केलेली माणसे आणि तिची कच्ची माहिती जिथे प्रश्न टिकून आहे तिथेच राहणे आवश्यक आहे. पैसा बाहेरून आला तरी चालेल, साठवण मात्र इथे हवी.

दुसरा आक्षेप तटस्थतेचा. स्थानिक संशोधक महापालिकेच्या, पुढाऱ्यांच्या, जातिगटांच्या दबावाखाली येतात, लांबचा माणूस निर्भीडपणे लिहितो, असे म्हटले जाते. दबाव असतो, हे नाकारता येत नाही. पण धारवाडच्याच समाज परिवर्तन समुदाय या एस. आर. हिरेमठ यांच्या संस्थेने बळ्ळारीच्या बेकायदा लोहखनिज उत्खननाविरुद्ध २००९ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका नेली. न्यायालयाच्या आदेशाने संयुक्त पथकांनी खाणींच्या हद्दी प्रत्यक्ष जमिनीवर मोजल्या, जुलै २०११ मध्ये बळ्ळारीतले उत्खनन थांबले आणि १८ एप्रिल २०१३च्या निकालाने सर्वांत गंभीर उल्लंघन करणाऱ्या खाणींचे पट्टे रद्द झाले. त्या काळी बळ्ळारीतल्या खाणमालकांची राज्याच्या राजकारणात केवढी ताकद होती हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही इथल्याच संस्थेने हे प्रकरण तडीस नेले. मला तर वाटते, पुराव्याचा मालक स्थानिक असेल तरच तो वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढतो. निबंध छापून झाल्यावर पुढच्या खंडात निघून गेलेला संशोधक ते करू शकत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही रास्त नाही.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. लेखकपद म्हणजे विश्लेषणाची जबाबदारी, नमुना आणून देणे म्हणजे संशोधन नव्हे, असे या क्षेत्रातले प्रामाणिक लोकही मानतात. प्रत्येक सर्वेक्षकाचे नाव निबंधावर घालावे असे मीही म्हणणार नाही. पण कोणत्या गल्लीतले उत्तर संशयास्पद आहे, कोणत्या घरात प्रश्न चुकीचा समजला गेला, पाणी त्या दिवशी उशिरा का सुटले, हे निर्णय विश्लेषणाचाच भाग आहेत आणि ते गल्लीतच घेतले जातात. ते घेणारा माणूस बहुधा प्रकल्पापुरत्या करारावर असतो. प्रकल्प संपला की तो विमा किंवा औषध कंपनीच्या नोकरीला लागतो आणि त्याने कमावलेले कसब त्याच्याबरोबर जाते. पुढचा प्रकल्प नव्याने प्रशिक्षण देतो. वास्तविक धारवाडला कृषी विद्यापीठ आहे, सेंटर फॉर मल्टिडिसिप्लिनरी डेव्हलपमेंट रिसर्चसारखी संशोधन संस्था आहे, २०१६पासून आयआयटी आहे. क्षेत्रावरच्या दहा-पंधरा माणसांना कायम ठेवून नाल्याचे आणि नळाचे पाणी दर महिन्याला मोजत राहणे या संस्थांच्या आवाक्याबाहेरचे नाही. वीस वर्षांची अशी सलग नोंद कोणत्याही एका प्रसिद्ध निबंधापेक्षा धोरणाला अधिक उपयोगी पडेल.

हा प्रश्न फक्त हुबळी-धारवाडचा नाही, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवण्याचा वाद याच शहरांच्या तहानेवर उभा आहे. लवादाने १४ ऑगस्ट २०१८च्या निवाड्यात कर्नाटकाला दिलेल्या पाण्यापैकी ३.९ टीएमसी कळसा आणि भांडुरा नाल्यांतून मलप्रभा खोऱ्यात नेण्यास मुभा दिली. गोवा आणि महाराष्ट्र दोघेही त्या खटल्यात पक्षकार होते. हुबळीच्या गल्लीत दरडोई किती पाणी पोचते, किती गळते, किती नाल्यात जाते, यातली एक चुकीची मोजणी खानापूरच्या जंगलापर्यंत आणि मांडवीच्या खाडीपर्यंत जाऊन भिडते. म्हणून पुढच्या वेळी एखादे आंतरराष्ट्रीय पथक येथे प्रश्नावली घेऊन उतरेल, तेव्हा महापालिकेने परवानगीच्या कागदावरच अट घालावी, की जमवलेल्या माहितीची पूर्ण प्रत धारवाडच्या विद्यापीठात राहील आणि निष्कर्ष ज्या वस्तीतून घेतले त्या वस्तीच्या भाषेत तिथे परत सांगितले जातील. आणि अशा अहवालाची बातमी वाचणाऱ्या आपण सर्वांनी निष्कर्षाच्या पानाआधी पद्धतीचे प्रकरण उघडावे, मोजणी कोणी, कुठे आणि किती दिवस केली हे पाहावे, आणि ते तिथे लिहिलेले नसेल तर संस्थेला पत्र लिहून विचारावे.